टोळीनं आणला, की गावातच होता? घटसर्पाच्या साथीत जनुकं काय सांगतात

नमस्कार ताई,

तुमच्या शाळेतल्या मुलांवरच हे आलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही कळवलंत ते थोडक्यात असं: वाळवा तालुक्यात तुमच्या गावाबाहेर उतरलेल्या ऊसतोड टोळीतल्या 9 वर्षांच्या मुलाला घटसर्प झाला. 4 दिवसांनी गावातल्या सातवीतल्या मुलीला झाला, आणि तिचे लहानपणीचे सगळे डोस झालेत. मग शाळेत घशाचे नमुने घेतले, तर काहीही त्रास नसलेल्या 3 मुलांच्या घशात जंतू निघाला. त्यातल्या एकाचा ‘विष न करणारा’ आहे असं सांगितलं. नमुने जनुकीय तपासणीला गेलेत. गावानं मात्र निकाल देऊन टाकलाय की टोळीनं रोग आणला, त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उठवा. एकदोघं म्हणतात, म्हशीपासून आला. खरं काय, आणि ती जनुकीय तपासणी नेमकं काय सांगणार, हा तुमचा प्रश्न.

मी सांगली-सातारा भागात 25 वर्षं प्रयोगशाळा आणि साथीचं फिरतं काम, दोन्ही केलंय. म्हशीचं आधी सांगतो, कारण तो गैरसमज प्रत्येक साथीत निघतो आणि त्याला कारणीभूत आपली भाषा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस टोचतात, तो घटसर्प वेगळा. तो पाश्चुरेला नावाच्या जंतूमुळे होतो, गळा सुजतो म्हणून नाव तेच पडलं. त्याचा मुलांच्या घटसर्पाशी काही संबंध नाही. मुलांचा घटसर्प म्हणजे डिप्थीरिया, त्याचा जंतू कॉरिनेबॅक्टेरियम डिप्थीरी, आणि तो माणसाकडून माणसाकडे येतो. त्याचा एक चुलतभाऊ आहे, अल्सरन्स नावाचा. तो गाईम्हशींत, कुत्र्या-मांजरांत राहतो, अधूनमधून तेच विष तयार करतो आणि कच्च्या दुधातून माणसाला झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून दूध उकळूनच द्या. पण एका शाळेत पाठोपाठ मुलं सापडतायत, तर हे म्हशीचं काम नाही.

आता विषाकडे येतो, कारण सगळी गुंतागुंत तिथेच आहे.

घटसर्पात मूल दगावतं ते जंतूमुळे नाही, जंतूनं सोडलेल्या विषामुळे. जंतू घशातच बसून राहतो, विष रक्तातून हृदयाला आणि नसांना जाऊन भिडतं. पेशीत शिरल्यावर ते पेशीचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं, आणि एक पेशी मारायला त्या विषाचा एक रेणू पुरतो. रू आणि येरसां या शास्त्रज्ञांनी 1888 मध्ये दाखवून दिलं की जंतू गाळून काढले तरी उरलेलं पाणी तितकंच मारक असतं. खरी आश्चर्याची गोष्ट पुढे 1951 मध्ये फ्रीमन यांनी दाखवली. विषाची कृती मुळात या जंतूची नाहीच. ती एका विषाणूची आहे, जो जंतूच्या आत जाऊन राहतो. आंब्याच्या फांदीवर बांडगूळ रुजावं तसा हा विषाणू जंतूच्या गुणसूत्रात एका ठरावीक जागी रुजतो. बांडगूळ असलेला जंतू विष करतो, नसलेला करत नाही. दोघं दिसायला सारखे, वाढायला सारखे, एकाच घशात शेजारी शेजारी राहू शकतात. आणि त्यातलं बांडगूळ या जंतूवरून त्या जंतूवर जाऊ शकतं.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. या जंतूच्या जनुकसंचात साधारण 25 लाख अक्षरं आणि सुमारे 2300 जनुकं असतात. 2003 मध्ये पहिल्यांदा तो पूर्ण वाचला गेला. विषाणूचा भाग त्यात 35-36 हजार अक्षरांचा. विषाचं जनुक त्याहून बारकं, 1700 अक्षरांच्या आतलं. एवढ्याशा तुकड्यावर मुलाचा जीव अवलंबून असतो. गंमत बघा, जनुक विषाणूचं, पण ते चालू-बंद करणारं बटण जंतूचं. आजूबाजूला लोह भरपूर असेल तर बटण बंद. लोह कमी पडलं की चालू. आपल्या घशात जंतूला मोकळं लोह मिळतच नाही, म्हणून तिथं तो विष ओकतो.

म्हणून तुमच्या त्या ‘विष न करणाऱ्या’ मुलाच्या अहवालाचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, त्याच्या जंतूत विषाणू नाहीच. दोन, विषाणू आहे, विषाचं जनुकही आहे, पण त्यात एखादं अक्षर गळालंय आणि पुढचं सगळं वाक्य बिघडलंय. असे जंतू पूर्व युरोपात बरेच सापडलेत. पीसीआर तपासणी फक्त जनुक आहे की नाही एवढं सांगते, म्हणून या दुसऱ्या प्रकारात ती ‘आहे’ म्हणेल. विष खरोखर तयार होतंय का, हे एलेक यांच्या 1949 च्या तपासणीतूनच कळतं. बशीत कागदाची पट्टी, तिला प्रतिविष, म्हणजे हे विष निकामी करणारं द्रव्य, लावलेलं, काटकोनात जंतू पेरलेला. विष निघत असेल तर दोघांच्या मधे एक दोन दिवसांत पांढरी बारीक रेघ उमटते. मी आजही त्या रेघेसाठी बशी उजेडासमोर धरून तिरकी करतो, तेव्हा छातीत धडधडतं. तुम्ही आरोग्य केंद्रात एवढंच विचारा की त्या मुलाचा निकाल पीसीआरचा आहे की एलेकचा. निकाल काहीही असो, त्यालाही जंतू मारणाऱ्या (अँटिबायोटिक) गोळ्यांचा कोर्स द्यायला सांगा. शेजारी विषारी जंतू फिरत असताना बिनविषारी जंतूला आपण घशात जागा देऊन ठेवायची नाही.

आता सातवीतली मुलगी. ‘सगळे डोस झालेत’ म्हणजे नेमके कोणते, हे कार्डावर बघा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांवरची एकत्र लस, मग दीड वर्षाच्या सुमारास डीपीटीचा पहिला बूस्टर, इथवर बहुतेक घरांत होतं. 5 ते 6 वर्षांचा दुसरा बूस्टर अनेकांचा राहतो. मग 10 आणि 16 व्या वर्षी टीडी असते. आपल्याकडे आधी नुसती धनुर्वाताची टीटी होती. 2019 च्या सुमारास तिच्या जागी टीडी आली आणि त्यातला ‘डी’ म्हणजे डिप्थीरिया. पण गावात अजून तिला धनुर्वाताचं इंजेक्शनच म्हणतात, आणि ‘लोखंड लागलं नाही, मग कशाला?’ म्हणून पालक नको म्हणतात. मी स्वतः तुमच्यासारख्या कितीतरी शाळांच्या पटांगणात हे ऐकलंय. बूस्टर राहिला की अंगातलं प्रतिविष वर्षागणिक ओसरत जातं. म्हणूनच आता घटसर्प पाळण्यातल्या बाळांपेक्षा शाळेतल्या आणि कॉलेजातल्या पोरांत जास्त दिसतो. 2018 या एका वर्षात भारतात 8 हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली.

आणखी एक गोष्ट पालकांना कुणी सांगत नाही. ही लस जंतूविरुद्ध नाही, विषाविरुद्ध आहे. विष फॉर्मलिननं निष्प्रभ करून ती बनवतात. 1890 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ॲना विल्यम्स यांनी वेगळा केलेला जंतू आजही त्यासाठी जगभर वापरतात. लस घेतलेल्या मुलाच्या घशात जंतू बसू शकतो, तो दुसऱ्याला देऊही शकतो, फक्त त्याला स्वतःला सहसा काही होत नाही. तुमच्या त्या 3 मुलांतल्या दोघांचं तरी हेच झालं असावं. जगभरातल्या जुन्या-नव्या साथींचा एकत्रित अभ्यास झालाय, त्यात असं दिसलं की 3 डोस रोगापासून सुमारे 87 टक्के वाचवतात, पण पुढचा प्रसार सुमारे 60 टक्क्यांनीच घटवतात. एक रुग्ण, कुणालाच संरक्षण नसेल तर, साधारण 1.7 ते 4.3 जणांना रोग देतो. आता फळ्यावर मांडून बघा. प्रत्येक मुलाला लस दिली तरी प्रसाराचा 40 टक्के भाग शिल्लक राहतो. एकाकडून अडीच जणांना जाणारा रोग असेल तर अडीचला 0.4 नं गुणा, उत्तर येतं 1, म्हणजे साथ जेमतेम थोपते. दाट वस्तीत तो आकडा 3 किंवा 4 असेल तर नुसत्या लशीनं ती थांबत नाही. म्हणून घशाचे नमुने आणि संपर्कातल्या सगळ्यांना गोळ्या, हा कागदोपत्री सोपस्कार नाही. औषधाविना जंतू सरासरी साडेअठरा दिवस घशात राहतो; योग्य औषध सुरू झालं की साधारण 2 दिवसांत मूल इतरांना देणं थांबतं.

आता जनुकीय तपासणी.

तुमच्याकडे उसाचं उदाहरण चपखल बसतं. ऊस बी पेरून लावत नाहीत, कांडी लावतात. एका बेण्यातून आलेला 86032 जातीचा सगळा ऊस एकमेकांची हुबेहूब नक्कल असतो. जंतूही तसाच कांडीसारखा दुभंगून वाढतो. नक्कल करताना क्वचित एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. 25 लाख अक्षरांत वर्षाकाठी अशा मोजक्याच चुका साठतात. दोन मुलांच्या जंतूंत एकदोनच अक्षरांचा फरक असेल तर ते जंतू अलीकडेच एका बेण्यातून फुटलेत. शेकडो-हजारो अक्षरांचा फरक असेल तर त्यांचा समान पूर्वज फार मागचा, आणि त्या दोन मुलांनी एकमेकांना रोग दिलेला नाही, मग ती एका बाकावर का बसत असेनात.

यात एक खोच आहे. हे जंतू अधूनमधून एकमेकांकडून जनुकांचे सलग तुकडे घेतात. असा एक तुकडा आला की एकदम शंभर अक्षरं बदलल्यासारखी दिसतात. ते तुकडे ओळखून बाजूला काढल्याशिवाय वंशवृक्ष मांडला तर सख्खे भाऊ परके दिसतात. आणि विषाच्या जनुकावरून कुळ ठरवायचं नाही, कारण ते बांडगुळाचं आहे. ते दुसऱ्या झाडावरून उडी मारून आलेलं असू शकतं. कुळ झाडावरून ठरवायचं. जुन्या पुस्तकांतले ग्रॅव्हिस, मायटिस हे प्रकारही आता फार कामाचे नाहीत, जनुकांच्या कुळांशी ते नीट जुळत नाहीत.

साथींचे वंशवृक्ष दोन तऱ्हेचे दिसतात. सोव्हिएत संघ फुटला त्या सुमारास तिथं 1990 च्या दशकात जी साथ आली, तिच्यात दीड लाखांहून जास्त लोकांना रोग झाला आणि सुमारे 5 हजार गेले. तिथं बहुतांश रुग्णांत एकाच जवळच्या कुळाचे जंतू होते. एक फांदी फोफावली आणि देशभर पसरली. येमेनमध्ये 2017 पासूनची साथ उलट निघाली. युद्धामुळे लसीकरण कोलमडलं होतं, आणि जंतू वाचले तर एकाच वेळी अनेक वेगवेगळी कुळं फिरताना सापडली. म्हणजे बाहेरून एक नवा जंतू घुसला असं नव्हतं. आधीपासून घशाघशांत असलेल्या जंतूंना रान मोकळं मिळालं होतं. काहींमध्ये इरिथ्रोमायसिनला दाद न देणारं जनुकही होतं, आणि हे आपल्या दृष्टीनं फार महत्त्वाचं, कारण संपर्कातल्या मुलांना आपण तेच औषध देतो. भारतातले जंतूही एका कुळाचे नाहीत. जगातल्या 16 देश-प्रदेशांतल्या, 122 वर्षांच्या काळातल्या 502 जंतूंचे जनुकसंच एकत्र तपासले गेले, त्यात उत्तर भारतातले जंतू वेगवेगळ्या फांद्यांवर विखुरलेले होते, आणि विषाच्या जनुकाचीही 18 रूपं दिसली. या रूपांमुळे लस फोल ठरतेय असा पुरावा मात्र आज नाही. तरी लक्ष ठेवायला हवं.

आता टोळीचं. इथं मला माझाच एक अनुभव सांगायचाय, कारण तो मला अजून टोचतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी, असाच गाळप हंगाम. कोपीतल्या एका पोराचा घसा मी टॉर्च धरून पाहिला होता. टाळूपासून मागे राखाडी, ओल्या चामड्यासारखा पडदा, कडेला काडी लावली तर रक्त, आणि तोंडाला एक गोडसर कुजका वास. मान दोन्ही बाजूंनी सुजलेली. त्याआधी 4 दिवस एका दवाखान्यातून टॉन्सिलच्या गोळ्या चालू होत्या. त्या संध्याकाळी नोंदीच्या कागदावर ‘उगम’ या रकान्यात मी स्वतःच्या हातानं लिहिलं: स्थलांतरित कामगार. काही न तपासता. दोन दिवसांनी सिस्टर आणि मी घरोघर तारखा घेत फिरलो. टोळी दिवाळी झाल्यावर उतरली होती. आणि गावातल्या एका पोराला त्याच्या आधी 10 दिवस घसा धरून ताप आला होता, मान सुजली होती, आणि ते तसंच बरं झालं होतं. घटसर्पाला लागण झाल्यापासून दिसायला 2 ते 5 दिवस, फार तर 10. टोळीनं गावाला दिला असता तर तारखा उलट्या हव्या होत्या. त्या कोपीतल्या माऊलीनं पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लसीचं कार्ड काढून दाखवलं. गावी बीड जिल्ह्यात दिलेले सुरुवातीचे तिन्ही डोस त्यावर होते. बूस्टरच्या वेळी ती फडावर होती. प्रतिविष उशिरा मिळालेला तिचा मुलगा नवव्या दिवशी हृदयानं गेला. घसा तोवर स्वच्छ झाला होता.

तेव्हा जनुकसंच वाचायची सोय आमच्या हाताशी नव्हती, पण तारखांची वही होती, आणि तिनं मला खोटं पाडलं. तुमच्याकडे दोन्ही आहे. जनुकांचा वंशवृक्ष एकटा कधी ‘कुणी कुणाला दिला’ हे सांगत नाही. दोन जंतू जवळचे आहेत एवढंच सांगतो, बाणाची दिशा तारखांवरून ठरते. आणि बाहेरून येणारे काय फक्त टोळीवाले असतात? खानापूर-आटपाडीची सोनं-चांदी गाळणारी गलाई कुटुंबं देशभर पसरलीत, जत्रेला आणि सुट्टीला गाड्या भरून गावी येतात. माणदेशचे मेंढपाळ मेंढरं घेऊन चारी वाटांनी फिरतात. पालच्या खंडोबाला, मांढरदेवीला, चिंचलीच्या मायाक्काला तुमच्याही गावातून लोक जातात. यातलं कुणीही जंतू घेऊन येऊ शकतं, आणि तो कित्येक महिने गावातच एका घशातून दुसऱ्यात फिरत असू शकतो, कुणाला काही न होता. टोळी उघड्यावर, दाटीत, बूस्टरविना राहते म्हणून रोग आधी तिच्यात दिसतो. दिसला तिथून निघाला असं नाही.

आणि कोप्या उठवल्या तर काय होईल? औषधाचा कोर्स अर्धवट राहिलेली पोरं पुढच्या फडावर, दुसऱ्या गावच्या शाळेशेजारी जाऊन उतरतील. मुकादमाला आणि कारखान्याच्या शेतकी विभागाच्या माणसाला बोलावून हे स्पष्ट सांगा. त्यांच्या पोरांना आणि गावच्या पोरांना एकाच दिवशी, एकाच मंडपात डोस द्या.

जनुकीय अहवाल आला की तीन गोष्टी विचारून घ्या. टोळीतला मुलगा, सातवीतली मुलगी आणि ती 3 मुलं यांचे जंतू एका कुळाचे आहेत का, आणि किती अक्षरांचा फरक आहे. इरिथ्रोमायसिन किंवा पेनिसिलिनला न जुमानणारं जनुक आहे का, कारण तसं असेल तर गोळ्या बदलाव्या लागतील. आणि त्या ‘विष न करणाऱ्या’ जंतूत विषाणू मुळात नाही, की बिघडलेला आहे. सगळ्यांचे जंतू वेगवेगळ्या कुळांचे निघाले तर समजा की गावात बरेच दिवस अनेक जंतू फिरतायत, आणि मोठ्या मुलांचे बूस्टर हाच तुमचा मुख्य मार्ग. अहवालाला आठवडे लागतील. तोवर कुणाचंही काही अडवून ठेवायचं नाही. संशयित रुग्णाला प्रतिविष तर प्रयोगशाळेच्या कुठल्याच अहवालाची वाट न बघता द्यायचं असतं, कारण ते फक्त मोकळं फिरणारं विष पकडतं, पेशीत शिरलेलं नाही. प्रत्येक दिवसाची किंमत असते. ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्यामुळे रिॲक्शनची तयारी असलेल्या रुग्णालयातच द्यावं लागतं.

संपर्कातल्या मुलांना गोळ्यांचा कोर्स 7 ते 10 दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी पोटात मळमळतं म्हणून मुलं सोडून देतात. शक्य असेल तर दुपारचा डोस शाळेत, खिचडी झाल्यावर, तुमच्या समोर द्या.

आणि बरी होऊन शाळेत परतलेली मुलगी, तसाच तो टोळीतला मुलगा, यांच्यावर पुढचे दोन महिने डोळा ठेवा. नसांवरचा परिणाम उशिरा दिसतो, बऱ्याचदा तिसऱ्या आठवड्यापासून. पहिली खूण वर्गात तुम्हालाच दिसेल: कविता म्हणताना आवाज एकदम गेंगाणा येतो, पाणी पिताना ते नाकातून परत येतं, फळ्यावरचं दिसतं पण वहीतलं धूसर होतं. पळताना धाप लागणं, चेहरा पांढरा पडणं ही हृदयाची खूण, आणि ती सहसा पहिल्या दोन आठवड्यांत येते, पण उशिराही येऊ शकते. यातलं काहीही दिसलं तर घंटा होण्याची वाट बघू नका, त्याच तासाला गाडी करून मोठ्या रुग्णालयात पाठवा, आणि सोबत चिठ्ठीवर ठळक लिहा: घटसर्प होऊन गेलेला आहे.